नऊ हजार फोटो शिल्लक असलेला कॅमेरा

एकतीस वर्षं माणसांची आतली बाजू बघून झाल्यावर एक्स-रेताईंना बाहेरची बाजूही बघावीशी वाटू लागली. यात कुणाला वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं, पण ताईंना स्वतःलाच थोडं वाटलं. छप्पन्नाव्या वर्षी छंद जडणं म्हणजे भर दुपारी दात घासायला बसण्यासारखं आहे, असं त्यांचं मत होतं. तरी मुलगी परगावी जाताना कपाटात टाकून गेलेला छोटा कॅमेरा त्यांनी एक दिवस पर्समध्ये घातला आणि दवाखान्यात नेला.

दवाखाना दीडशे खाटांचा. एक्स-रेची खोली तळमजल्याच्या अगदी टोकाला, जिथे हिरवा रंग संपतो आणि पोपडे सुरू होतात. तिथे ताईंचं काम असं: पेशंटला छाती प्लेटला टेकवून उभं करायचं, हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. मग शिशाच्या काचेमागे जायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "श्वास घ्या. धरा. हलू नका." बटण दाबायचं. "सोडा." छातीच्या फोटोत माणसाचं तोंड भिंतीकडे असतं. म्हणजे हजारो माणसं ताईंनी पाहिली, पण बहुतेक पाठीकडून.

याचा व्हायचा तो परिणाम झालाच. छोट्या कॅमेऱ्याने त्यांनी पहिल्यांदा घरच्या सात जणांचा फोटो काढला. सगळ्यांच्या छात्या अगदी मध्यभागी, दोन्ही बाजूंना सारखं अंतर, आणि डोकी भुवयांपाशी संपलेली. "फुप्फुसं मात्र सगळ्यांची आली आहेत," असं यजमान म्हणाले.

यजमान वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासल्यामुळे कुठल्याही डब्यावर छापलेल्या आकड्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. घरातला मिक्सर घ्यायला त्यांना अकरा महिने लागले होते. त्या अकरा महिन्यांत ताईंनी चटणी पाट्यावर वाटली आणि तक्रार केली नाही. आता मात्र वेळ आठ दिवसांचाच होता.

झालं असं, की दवाखान्याला पन्नास वर्षं होत होती. दर्शनी भिंतीवर डॉक्टरांचे आणि देणगीदारांचे मोठाले फोटो आधीपासून होतेच. या वर्षी कर्मचाऱ्यांचेही लावायचे असं समितीत ठरलं. कार्यालयाचे अधीक्षक साहेब म्हणाले, "ओळखपत्रांवरचे फोटो आहेतच. स्टुडिओवाला सगळे मिळून एका चौकटीत बसवून देईल. बेचाळीस चेहरे, प्रत्येकी पोस्टाच्या तिकिटाएवढा."

ताई अशा बैठकांना चहापुरत्या जात. त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मी काढते की. एकेकाचा वेगळा. मोठा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. तोवर ताईंनी फोटो काढण्याची गोष्ट बैठकीत कधी बोलून दाखवली नव्हती. साहेबांनी विचारलं, "नमुना आहे?" नमुना होता. पर्समध्ये होता. वॉचमनचा फोटो साहेबांनी टेबलावर ठेवला आणि चष्मा सारखा केला. मोठा केल्यामुळे त्याच्यावर रव्यासारखे कण उठले होते.

"हे कोण?"

"वॉचमन."

"कशावरून?"

"शिट्टीवरून," ताई प्रामाणिकपणे म्हणाल्या.

साहेब हसले नाहीत. ते हसत नसतच. "पुढच्या गुरुवारपर्यंत पाच फोटो आणा," ते म्हणाले. "मोठे, स्वच्छ, डोक्यासकट. जमलं तर काम तुमचं. नाहीतर स्टुडिओवाल्याला सांगून टाकतो."

संध्याकाळी ताईंनी घरी सांगितलं, "मला चांगला कॅमेरा घ्यायचाय. शनिवारी."

"कुठल्या शनिवारी?" यजमानांनी विचारलं. त्यांच्या मते हा प्रश्न रास्त होता.

"येत्या."

त्यांनी पंख्याकडे पाहत विचारलं, "आणि पैसे?"

"दाताचे आहेत ना बाजूला काढलेले."

डावीकडची दाढ पडून दोन वर्षं झाली होती. तिथे दातांचा पूल, म्हणजे ब्रिज, बसवायला ताईंनी महिन्याच्या पगाराएवढी रक्कम साठवली होती.

"अगं, मग चावशील कशाने?"

"उजवीकडून चावता येतं. दोन्हीकडून फोटो काढता येत नाहीत," ताई म्हणाल्या. या वाक्याला फारसा अर्थ नव्हता, पण ते अशा सुरात म्हटलं गेलं की यजमानांनी मुकाट्याने वही काढली. शुक्रवारी रात्रीपर्यंत वहीत चौदा कॅमेऱ्यांचा तक्ता तयार होता. त्यातले अकरा बजेटच्या बाहेरचे होते. ते का लिहिले असं विचारल्यावर ते म्हणाले, "माहिती म्हणून."

कॅमेऱ्यांचं दुकान दोन औषधदुकानांच्या मध्ये चेंगरून बसलेलं होतं. अर्धा माल नवा, अर्धा वापरलेला. दुकानदार गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला, उत्साही माणूस होता. त्याने बजेट ऐकलं आणि चेहरा न पाडता एक नवाकोरा कॅमेरा काउंटरवर ठेवला.

"हा घ्या मॅडम. डोळे झाकून घ्या. सेकंदाला दहा फोटो."

"दहा कशाला?"

"दहातला एक तरी चांगला येतोच."

"आणि उरलेले नऊ?"

"डिलीट!" दुकानदाराने हवेत फुंकर मारली.

ताईंचा चेहरा उतरला. त्यांच्या खोलीत एक लाल कव्हरचं रजिस्टर असे. एखादा एक्स-रे बिघडून पुन्हा काढावा लागला, की त्याची नोंद त्यात करायची: तारीख, पेशंट, कारण. पेशंट हलला. प्लेट तिरकी. श्वास सोडला. कारण नुसतंच कागदी नव्हतं. दुसऱ्या फोटोचे किरण पेशंटच्याच अंगात जाणार. ताईंच्या रजिस्टरात महिन्याला दोन-तीन नोंदी असत आणि त्यांचीही त्यांना लाज वाटे. सेकंदाला नऊ नोंदी करणारं यंत्र त्यांना राक्षसी वाटलं.

"मला एकदाच काढायचा असतो," त्या म्हणाल्या.

"एकदाच म्हणजे?"

"एका माणसाचा एक."

दुकानदाराने मदतीसाठी यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी वहीतून मान वर केली नाही.

"बरं," दुकानदार म्हणाला, "कुठे काढायचेत?"

"कॉरिडॉरमध्ये. एक खिडकी आहे, उत्तरेकडची. उजेड कमी. उजेड कमी म्हणजे वेळ जास्त द्यावा लागणार, वेळ जास्त दिला की माणूस हलणार, आणि माणूस हलला की फोटोतली कड धूसर होऊन फाटणार. फ्लॅश नको, तोंडं चुन्यासारखी दिसतात. म्हणजे भिंग जास्त उजेड घेणारं पाहिजे. आणि मोठं केल्यावर कण उठता कामा नयेत."

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवरून काढून गळ्यात सोडला. "मॅडम, तुम्ही करता काय?"

"एक्स-रे काढते."

"मग मी काय शिकवतोय तुम्हाला," तो म्हणाला आणि नव्या कॅमेऱ्याचं खोकं त्याने स्वतःच बंद केलं. "तुमच्या पैशांत असा उजेड घेणारं भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसत नाही. खरं सांगतो."

ताईंची नजर तोवर मागच्या काचेच्या कपाटात गेली होती. खालच्या फळीवर एक काळा, दणकट कॅमेरा होता. पकडायच्या जागचं रबर सुटलं होतं आणि कडा पितळेसारख्या उघड्या पडल्या होत्या. त्यावर बुटकं, रुंद तोंडाचं भिंग होतं.

"तो?"

"तो नको. त्याचे दिवस भरलेत."

"म्हणजे बिघडलाय?"

"बिघडला नाही. पण बघा, यात एक पडदा असतो. शटर. प्रत्येक फोटोला उघडतो, मिटतो. स्कूटर किती किलोमीटर पळाली बघतो ना आपण, तसं हे मोजता येतं. या कॅमेऱ्याचा पडदा दीड लाख वेळा चालेल असं कंपनी सांगते. हा चाललाय एक लाख एक्केचाळीस हजार. एका खेळाच्या फोटोग्राफरचा आहे. शर्यतीतला एक धावपटू, त्याचे चाळीस-चाळीस फोटो. नऊ हजार राहिलेत. आताची पोरं सहा महिन्यांत संपवतील. म्हणून वर्षभर पडून आहे. भिंग फुकट देतो म्हटलं तरी कुणी नेत नाही."

"दीड लाख हा आकडा कुणी तपासलाय?" यजमानांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"कंपनीने."

"स्वतःच," यजमान समाधानाने म्हणाले आणि लिहू लागले. मग त्यांनी विचारलं, "तू गेल्या वर्षी किती फोटो काढलेस?"

"तीनशे अकरा," ताई म्हणाल्या. त्यांना पाठ होतं.

यजमानांनी भागाकार केला. एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. "एकोणतीस वर्षं जाईल," ते म्हणाले. "तू पंच्याऐंशीची होशील."

"मग बघू पुढचं पुढे."

यजमानांनी खिशातून पोलादी पट्टी काढली, काउंटरवर ठेवली आणि ताईंना तिचा फोटो काढायला लावला. चारही कोपऱ्यांतले आकडे स्पष्ट आहेत का ते भिंग लावून पाहिलं. दुकानदार हे सगळं हाताची घडी घालून बघत होता. "साहेब, माझा वजनकाटाही तपासायचाय का?" त्याने विचारलं.

"आहे का?" यजमान म्हणाले.

पूल बसवायच्या पैशांतले एक चतुर्थांश उरले. ताईंनी ते प्रिंटसाठी ठेवले.

सोमवारी आणि मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चार जणांना खिडकीपाशी बसवलं. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर, रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर, स्वयंपाकी आणि तो वॉचमन. यावेळी डोक्यांचा बंदोबस्त त्यांनी केला होता. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर वरच्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला होता. आधी तिथे बघायचं, डोकं त्याच्या खाली आलं की मगच कॅमेरा डोळ्याला लावायचा. प्रत्येकाचा एक फोटो. प्रत्येक वेळी पडदा एकदाच, जाडजूड आवाज करून, मिटला.

बुधवारी सकाळी मोठे प्रिंट आले. ताईंनी ते जेवणाच्या टेबलावर मांडले. सिस्टरच्या पापण्या मोजता येत होत्या. स्वयंपाक्याच्या गालावरचा जुना चटका दिसत होता. कण नाही, कड फाटलेली नाही, चारही डोकी जागेवर. ताईंना आपल्या हातून असं काही झालं याचं नवल वाटलं. यजमान चहाचा कप घेऊन आले आणि बराच वेळ उभ्या-उभ्या बघत राहिले.

"कसे आलेत?"

"उत्तम," ते म्हणाले. "यांचे रिपोर्ट कधी मिळतील?"

"अहो, ही माणसं आजारी नाहीत."

"तसं वाटत नाही."

ताईंनी पुन्हा पाहिलं आणि मग त्यांना ते दिसेनासं होईना. चौघांच्याही हनुवट्या वर. खांदे पुढे. छाती फुगलेली, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत तेच: काय निघणार आता. ड्रायव्हर तर असा बसला होता, की घरच्यांना बोलावून घ्यावं. ताईंना आठवलं, त्या प्रत्येकाला म्हणाल्या होत्या, "श्वास घ्या. धरा. हलू नका." आणि दवाखान्यातली माणसं, त्यांनी वर्षानुवर्षांच्या सवयीने धरला.

"कॅमेरा चांगला आहे," यजमान हळूच म्हणाले. ताईंना ते ओळखपत्रावरच्या फोटोसारखं बोचलं. हे असेच न्यायचे, तर तिकिटाएवढ्या चेहऱ्यांत वाईट काय होतं? आणि गुरुवार उद्यावर आला होता.

दुपारी पाचव्या फोटोची पाळी होती वॉर्डातल्या मावशींची. मावशी एकोणसाठ वर्षांच्या. पेशंटची खुर्ची ढकलत त्या एक्स-रेच्या दारापर्यंत येत आणि दार बंद झालं की बाहेर थांबत. आज त्या आत नव्हे, खिडकीपाशी स्टुलावर बसल्या आणि पदराचं टोक उगाच हातात धरून म्हणाल्या, "ताई, माझा काय फोटो काढायचा. माझ्या सुनेचा काढा."

"सून दवाखान्यात कामाला आहे का?"

"आता तेवढंच राहिलंय तिचं."

ताईंनी मनाशी पक्कं ठरवलं होतं की ते शब्द म्हणायचे नाहीत. कॅमेरा डोळ्याला लावला आणि जिभेने आपलं काम केलं. "हनुवटी वर. श्वास घ्या. धरा."

मावशींनी धरला. ताईंना चौकटीत पुन्हा तेच दिसलं: पेशंट. बोट बटणावर होतं, पण दाबवेना. दाबलं, तर हा एकच फोटो. दुसरा काढायचा म्हणजे लाल रजिस्टर, कारण, तारीख. काय म्हटलं तर हा चेहरा बदलेल? त्यांनी हसायला कधी सांगितलं नव्हतं कुणाला. काचेमागून कुणी हसायला सांगत नाही. त्या विचार करत राहिल्या. मावशींचं तोंड आधी लाल झालं, मग जांभळट. शेवटी त्या फुटल्याच.

"अहो ताई, सोडा म्हणा की! मी काय मासा आहे?"

आणि सगळा श्वास एकदम बाहेर पडला. खांदे खाली आले, पदर हातातून सुटला आणि मावशी स्वतःवरच, डोळे बारीक करून, पुढचे दोन दात नसलेल्या जागेसकट हसल्या. पडदा मिटला.

ताई कॅमेरा खाली घेऊन उभ्या राहिल्या. "सोडा" म्हणेपर्यंत त्यांचं काम नेहमी संपलेलं असे. त्या यंत्राकडे वळलेल्या असत आणि पेशंटचं तोंड भिंतीकडे. एवढ्या वर्षांत "सोडा" नंतर माणसाचं काय होतं, ते त्यांनी पाहिलंच नव्हतं.

मग महिनाभरात जेमतेम दोन-तीनदा होई ते त्यांनी एका दुपारी चार वेळा केलं. पुन्हा काढायला निघाल्या. हे वाटलं तितकं सोपं नव्हतं, कारण दवाखान्यात "तुमचा फोटो पुन्हा काढायचाय" या वाक्याचा एकच अर्थ होतो. ड्रायव्हर रुग्णवाहिका पुसत होते. त्यांच्या हातातलं फडकं थांबलं.

"ताई, खरं सांगा. काही डाग दिसला का?"

"अहो, हा साधा फोटो आहे. चेहऱ्याचा."

"ते कळलं. पण पहिल्यात काय निघालं?"

"पहिल्यात तुम्ही घाबरलेले निघालात."

"आता तर जास्तच घाबरलोय," ड्रायव्हर म्हणाले. स्वयंपाक्याने बायकोला फोन लावून ठेवला, न जाणो. सिस्टर म्हणाल्या, "मला स्पष्ट सांगा, मी ऐकू शकते." वॉचमनने शिट्टी काढून खिशात ठेवली. ताईंनी प्रत्येकाला श्वास धरायला लावलं, वाट पाहिली, "सोडा" म्हणाल्या आणि सगळं ठीक आहे हे कळून जो चेहरा उलगडला तो घेतला. रात्रीपुरता का होईना, चारही घरांत त्या दिवशी तब्येतीबद्दल आनंद होता.

घरी येऊन त्यांनी यजमानांच्या वहीत लिहिलं: पुन्हा काढले, चार. कारणाच्या रकान्यापाशी थोडा वेळ थांबल्या आणि लिहिलं, "श्वास धरला."

गुरुवारी सकाळी प्रिंटचं दुकान उघडताच ताईंनी ते पाच मोठे करून घेतले आणि तसेच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले. साहेबांनी आधी ते मोजले. पाच होते. मग एकेक उचलून खिडकीकडे धरला. कुठे कण सापडतोय का बघितलं. सापडला नाही. मावशींपाशी ते थांबले.

"या हसतात?"

"हो."

"बावीस वर्षं बघतोय मी यांना," साहेब म्हणाले. त्यांनी तो फोटो सगळ्यात वर ठेवला, कडा सारख्या केल्या आणि स्टुडिओवाल्याच्या दरपत्रकावर एक तिरकी रेघ मारली. "एका माणसाचे किती काढावे लागतात?"

"एक," ताई म्हणाल्या. मग मान खाली घालून त्यांनी जोडलं, "कधी कधी दोन."

"महिनाभरात होतील?"

"होतील."

साहेबांनी टाइप केलेली यादी पुढे सरकवली. नाव, हुद्दा, कितवा मजला, सगळं त्यांनी स्वतः, नीट ओळी आखून केलं होतं. ताईंनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. त्यांचं स्वतःचं नाव सतरावं होतं. ते कोण काढणार हा प्रश्न त्यांनी मागाहून यजमानांवर सोडायचं ठरवलं. मग त्यांनी यादी परत एकदा वाचली.

"साहेब, यात तुम्ही नाहीत."

"यादी मीच केली ना."

"मग डॉक्टरांच्या भिंतीवर आहात का?"

"मी कुठे डॉक्टर आहे?"

"आणि देणगी?"

"एकदा घड्याळ दिलं होतं. बंद पडलं." साहेब दरपत्रक फाइलला लावू लागले. भोक आधीच पाडलेलं होतं, तरी त्यांनी दुसरं पाडलं. "समितीने बेचाळीसला मंजुरी दिली आहे, ताई."

ताईंनी पेन घेतलं आणि बेचाळीसाव्या ओळीखाली, न आखलेल्या जागेत, त्रेचाळीस आकडा घातला. पुढे लिहिलं: कार्यालय अधीक्षक, पहिला मजला.

"खर्च?" साहेबांनी विचारलं.

"हा एक माझ्याकडून. माझ्याकडे अजून पुष्कळ आहेत."

"आत्ता?"

"आत्ता. खिडकीपाशी बसा."

साहेबांनी खुर्ची ओढली, शर्टाचं वरचं बटण लावलं, काढलं आणि पुन्हा लावलं. ताई काहीच बोलल्या नव्हत्या. तरी त्यांनी हनुवटी वर केली, खांदे पुढे घेतले आणि भला मोठा श्वास भरून घट्ट धरला. ताईंनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि अजिबात घाई न करता वाट बघत उभ्या राहिल्या.